स्टँडन पाहायला जाताना: आर्ट्स अँड क्राफ्ट्स घराच्या पहिल्या भेटीची पूर्वतयारी

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांची फिरण्याची यादी साधारण ठरलेली असते. लंडन, विंडसर, स्टोनहेंज, बाथ. ती संपली की कुणीतरी नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं आणि बागा जपणाऱ्या संस्थेचं नाव सुचवतं, मग एखाद्या उमरावाचा प्रचंड वाडा पाहणं होतं. सोनेरी चौकटीतली तैलचित्रं आणि दोरीपलीकडचे पलंग बघून पाय दुखतात. "एक पाहिला की सगळे पाहिले," असं म्हणून लोक तो नाद सोडून देतात. अशा प्रत्येकाला मी स्टँडनचं नाव सांगते.

स्टँडन हे वेस्ट ससेक्समध्ये ईस्ट ग्रिन्स्टेड गावाजवळ आहे. जेम्स बील या लंडनमधल्या वकिलाने सुट्ट्यांसाठी बांधून घेतलेलं हे घर. पत्नी मार्गारेट आणि सात मुलं असा मोठा संसार होता. १८९२ ते १८९४ या काळात बांधकाम झालं. वास्तुरचनाकार होते फिलिप वेब, नक्षीकार आणि लेखक विल्यम मॉरिस यांचे जवळचे मित्र. यंत्रातून निघणाऱ्या स्वस्त, चकचकीत मालाने घरं भरून जाऊ लागली, तेव्हा या मंडळींनी हाताच्या कामाची बाजू लावून धरली. वस्तू कशापासून केली आणि कशी केली, हे ती बघताना कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या चळवळीला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात. स्टँडनमध्ये ती एका नांदत्या घराच्या रूपात बघायला मिळते. बील यांची सर्वांत धाकटी मुलगी हेलन हिने मृत्युपत्रात हे घर नॅशनल ट्रस्टच्या नावे केलं आणि १९७२ मध्ये ते ट्रस्टकडे आलं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी घर निवडा, आणि ते चालवतं कोण ते बघा

या धाटणीची घरं इंग्लंडभर आहेत. लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथमध्ये रेड हाऊस आहे. वेब यांनी ते १८५९-६० मध्ये खुद्द मॉरिस यांच्यासाठी बांधलं. बर्मिंगहॅमकडे राहणाऱ्यांना वुल्व्हरहॅम्प्टनजवळचं विटिक मॅनर सोयीचं. रंगाच्या कारखानदार मँडर कुटुंबाचं ते घर. लेक डिस्ट्रिक्टला जाणार असाल, तर विंडरमियर तळ्याकाठी वास्तुरचनाकार बेली स्कॉट यांनी बांधलेलं ब्लॅकवेल आहे. लंडनमध्ये हॅमरस्मिथला नदीकाठी मुद्रक एमरी वॉकर यांचं छोटं घर आहे, आणि ऑक्सफर्डशायरमध्ये मॉरिस यांचं केल्म्सकॉट मॅनर.

इथे एक सापळा आहे. स्टँडन, रेड हाऊस आणि विटिक ही घरं नॅशनल ट्रस्टची आहेत. ब्लॅकवेल, एमरी वॉकर यांचं घर आणि केल्म्सकॉट वेगवेगळ्या संस्था चालवतात. ट्रस्टचं सभासद कार्ड दाखवून तिथे फुकट आत जाता येईल असं धरून निघू नका, वेगळ्या तिकिटाची तयारी ठेवा.

पहिल्या भेटीसाठी स्टँडनच का? रेड हाऊस इतिहासाच्या दृष्टीने मोठं आहे, पण मॉरिस तिथे जेमतेम पाच वर्षं राहिले. त्यांच्यानंतर घर अनेकांच्या हातून गेलं आणि बरंचसं सामान बाहेर पडलं. नजर तयार नसेल तर ते रिकामं वाटतं. स्टँडन भरलेलं आहे. रेड हाऊस दुसऱ्या फेरीसाठी ठेवा, तेव्हा ते जास्त आवडेल.

२. दिवस ठरवताना "घर" आणि "बाग" यांच्या वेळा वेगळ्या बघा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. संकेतस्थळावर सकाळी दहाची वेळ दिसते, ती बऱ्याचदा बाग आणि कॅफेची असते. घर उशिरा उघडतं आणि दुपारी लवकर बंद होतं, आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी असतो. तीन वाजता पोहोचलात तर बागेत चक्कर मारून परतावं लागेल.

हिवाळ्यात काही खोल्या बंद असू शकतात. त्या काळात गालिचे, पुस्तकं, भांडी यांची वर्षातली सखोल साफसफाई चालते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी संकेतस्थळ पुन्हा एकदा उघडून बघा, कारण वादळी वारा असला की झाडं पडण्याच्या भीतीने बाग अचानक बंद ठेवतात.

शक्य असेल तर शाळा सुरू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. गर्दी नसली की खोलीतल्या स्वयंसेवकांशी निवांत बोलता येतं, आणि या भेटीतली निम्मी मजा त्या बोलण्यात आहे.

३. तिकीट काढायचं की सभासद व्हायचं?

वर्षभरात चार-पाच जागा नक्की बघणार असाल, तर सभासदत्व परवडतं. सभासदांना प्रवेश फुकट असतो आणि ट्रस्टच्या बहुतेक वाहनतळांवर गाडी लावायला पैसे पडत नाहीत. कुटुंबासाठी वेगळं सभासदत्व मिळतं. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं.

दोन गोष्टी नीट वाचा:

- गिफ्ट एड. तिकीट काढताना याबद्दल विचारतात. तुम्ही ब्रिटनमध्ये आयकर भरत असाल, तर हो म्हणा, सरकारकडून ट्रस्टला जादा रक्कम मिळते. भारतातून आलेले आईवडील स्वतःच्या नावाने तिकीट काढत असतील, तर त्यांनी हो म्हणू नये, कारण ते इथले करदाते नाहीत.
- डायरेक्ट डेबिट. सभासदत्व अशा पद्धतीने घेतलं की दर वर्षी ते आपोआप पुढे चालू राहतं आणि पैसे खात्यातून जातात. नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

४. पोहोचायचं कसं

गाडीने जाणाऱ्यांनी एम२५ च्या सहाव्या जंक्शनवरून ए२२ धरायचा, ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत. तिथून दक्षिणेला सुमारे दोन मैल. शेवटचा रस्ता अरुंद आहे, जपून चालवा.

रेल्वेने यायचं असेल तर लंडन व्हिक्टोरियाहून ईस्ट क्रॉयडनमार्गे ईस्ट ग्रिन्स्टेड, साधारण तासाचा प्रवास. हे त्या मार्गावरचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे उतरायचं राहून जाईल ही चिंता नाही. लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड लंडनबाहेर सगळीकडे चालत नाही, म्हणून तिकीट आधीच काढा. तीन किंवा जास्त मोठी माणसं एकत्र जाणार असाल, तर ग्रुपसेव्ह सवलत मागा, गर्दीच्या वेळा सोडून भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. स्टेशनवरून पुढे टॅक्सी सर्वांत सोपी. परतीची टॅक्सी तेव्हाच सांगून ठेवा, रविवारी संध्याकाळी लहान गावात ती पटकन मिळत नाही.

मुलांना वाफेच्या इंजिनाचं वेड असेल, तर ब्लूबेल रेल्वे ही जुनी गाडी ईस्ट ग्रिन्स्टेडहूनच सुटते. पण घर आणि गाडी एकाच दिवसात कोंबू नका. दोन्हींचा विचका होतो.

५. सोबत काय घ्यायचं

- सभासद कार्ड किंवा तिकिटाचा ईमेल. आडगावात फोनला रेंज नसते, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवा.
- रेल्वे भाड्यात सवलत देणारं रेलकार्ड असेल तर तेही. तिकीट तपासनीस मागतो.
- सपाट तळव्याचे बूट. टोकदार टाचांनी जुन्या लाकडी फरशीला खड्डे पडतात, म्हणून तशा चपला घालून आत सोडत नाहीत.
- स्वेटर, उन्हाळ्यातसुद्धा. अशा घरांत हीटर हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवण्यासाठी चालवतात, माणसांना ऊब मिळावी म्हणून नव्हे. खोल्या गारच लागतात.
- टिपणं काढायची असतील तर शिसपेन्सिल. शाईचं पेन आत उघडू देत नाहीत.
- वाचायचा चष्मा. कारण पुढे येतंच.
- लहान पाठपिशवी. मोठी असेल तर पोटाशी धरायला किंवा बाहेर ठेवायला सांगतात.

बाबागाडी घरात नेता येत नाही. दाराशी ठेवावी लागते, तेव्हा तान्ह्या बाळासाठी कापडी झोळी घ्या.

६. दारातून आत गेल्यावरचे नियम

फोटो काढायला सहसा हरकत नसते, पण फ्लॅश बंद ठेवा. तिपाई आणि सेल्फी काठी चालत नाही. खुर्चीवर सुकलेलं काटेरी बोंड किंवा पाइनचं फळ ठेवलेलं दिसलं, तर तिथे बसायचं नाही असा त्याचा अर्थ. बसायला चालेल अशा खुर्च्या वेगळ्या असतात. दिसत नसतील तर विचारा, आनंदाने दाखवतात.

खोल्या अंधाऱ्या वाटतील, पडदे अर्धे ओढलेले असतील. यामागे कारण आहे. कापड आणि कागदाचे रंग उजेडाने उडतात, आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. नाजूक वस्तूंवर सुमारे ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड पडावा, असं संग्रहालयांत पाळतात. दारात मिनिटभर थांबलात की डोळे सरावतात आणि भिंतीवरच्या रंगांच्या छटा दिसू लागतात.

हात लावू नका, हे मुलांना आधीच घरी सांगून ठेवा. बोटांवरचं तेल आणि घाम तांब्या-पितळेवर आणि कापडावर डाग पाडतात.

७. घर बघायचं कसं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. या घराला वाड्यासारखं बघितलंत तर हाती काही लागणार नाही. डोळे दिपवणारं इथे काही नाही. जवळ जाऊन, थांबून बघावं लागतं.

*आधी बाहेर.* थेट आत घुसू नका. वेब यांनी जागेवरचं जुनं शेतघर पाडलं नाही. ते राखलं आणि नवं घर त्याच्याशी जुळवून घेतलं. नव्या घरातही वालुकाश्म, वीट, भिंतीवर टांगलेली कौलं, लाकडी फळ्या, खडबडीत गिलावा अशी त्या भागातल्या साध्या घरांचीच सामग्री आहे, आणि दगड आवारातल्याच खाणीतून काढलेला. घर एकदम उभं न राहता पिढ्यान्पिढ्या वाढत गेलंय असं वाटतं. बाहेरून एक पूर्ण फेरी मारा आणि एक सामग्री संपून दुसरी कुठे सुरू होते ते बघत जा.

*मग दिवे.* या घरात सुरुवातीपासून वीज होती. १८९४ साली खेड्यातल्या घरात वीज म्हणजे अप्रूपच, आणि त्यासाठी आवारातच जनित्र होतं. धातूचे बरेच दिवे डब्ल्यू. ए. एस. बेन्सन या धातुकामाच्या रचनाकाराचे आहेत. दिवाणखान्यात, म्हणजे ड्रॉइंग रूममध्ये, भिंतीवरच्या दिव्यांमागे तांब्याचे पत्रे आहेत. आराखडा वेब यांचा, ठोककाम जॉन पिअर्सन यांचं. त्यांच्यासमोर वेळ काढा. पुण्यात तांबट आळीत मठारलेलं भांडं हातात घेतलेल्या माणसाला हे काम बघायला शिकवावं लागत नाही. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याचा खळगा उजेडात वेगळा चमकतो. विजेसारख्या नव्याकोऱ्या गोष्टीला वेब यांनी जुन्या कसबाची जोड दिली, आणि ती जोडी अजिबात विजोड वाटत नाही.

*वॉलपेपर.* चष्मा याच्यासाठी. ड्रॉइंग रूममध्ये सनफ्लॉवर, बिलियर्ड खोलीत पॉमग्रॅनेट, वर शयनगृहांत लार्कस्पर आणि विलो. ही सगळी मॉरिस यांची नक्षी. गुलाबाच्या मांडवाची ट्रेलिस नक्षी त्यांची अगदी सुरुवातीची, १८६२ ची. त्यातले पक्षी मात्र वेब यांनी काढून दिले. हे कागद लाकडी ठशांनी, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा वापरून हाताने छापत. दोरीच्या अलीकडून जमेल तितकं वाकून तिरकं बघा. रंग कागदावर किंचित जाड बसलेला दिसतो. ठसा नेमका बसावा म्हणून त्याच्या कोपऱ्यात बारीक पिना असत, त्यांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके कधीकधी सापडतात. मग नक्षी कुठे संपून पुन्हा सुरू होते ते शोधा. मॉरिस यांनी तो सांधा वेलीत असा लपवलाय, की मुलं अर्धा तास त्यातच रमतात. कुठला कागद मूळचा आणि कुठला नंतर छापून लावला, हे त्या खोलीतल्या स्वयंसेवकांना जरूर विचारा.

एक कडू गोष्टही माहीत असू द्या. मॉरिस यांच्या सुरुवातीच्या कागदांतल्या हिरव्या रंगात आर्सेनिक असे, आणि त्यांच्या घराण्याचा पैसा ज्या डेव्हनमधल्या खाणीत होता तिथूनच आर्सेनिक निघत असे. कामगाराच्या कष्टाबद्दल इतकं तळमळून बोलणाऱ्या माणसाच्या आयुष्यातली ही विसंगती मला झाकून ठेवावीशी वाटत नाही.

*कापड आणि निळा रंग.* मॉरिस यांच्या छापील कापडांवरचा गडद निळा म्हणजे नीळ, जिचं 'इंडिगो' हे इंग्रजी नाव आपल्या देशावरून पडलं. रासायनिक रंग त्यांना पसंत नव्हते. लीक गावच्या थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत त्यांनी नीळ, मंजिष्ठाच्या जातीची मुळं, अशा वनस्पतींचे रंग स्वतः हात घालून पारखले. वॉर्डल हे टसर रेशमाचेही जाणकार, त्यासाठी ते भारतात येऊन गेले होते. पुढे मॉरिस यांनी अख्खं कापड निळीत बुडवायचं आणि मग ठशाने रंग काढणारं द्रव्य लावून नक्षीपुरता निळा उडवायचा, ही वेळखाऊ रीत वापरली. गडद निळ्या जमिनीवर फिके पक्षी-फुलं दिसली की ती रीत आठवा.

*बायकांचं काम.* याकडे बहुतेकांची नजर जात नाही. उशा, पडदे, भिंतीवरची टांगलेली कापडं यातलं पुष्कळ भरतकाम मार्गारेट बील आणि त्यांच्या मुलींच्या हातचं आहे. नक्षी मॉरिस कंपनीकडून येई, टाका घरात पडे. शिवाय अॅग्नेस आणि रोडा गॅरेट या चुलत बहिणींनी घडवून घेतलेलं लाकडी सामान इथे आहे. घराची अंतर्गत सजावट हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून करणाऱ्या इंग्लंडमधल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्या होत्या. अॅग्नेस यांच्या बहिणी म्हणजे डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या मिलिसेंट फॉसेट. नावाच्या पाट्या लहान असतात, म्हणून "गॅरेट फर्निचर कुठे आहे?" असं थेट विचारा.

सगळ्या खोल्यांना सारखा वेळ देऊ नका. ड्रॉइंग रूम आणि एक शयनगृह असं निवडून तिथे रेंगाळा, बाकीच्या खोल्या चालत चालत बघितल्या तरी चालतं.

८. आईबाबा सोबत असतील तर

भारतातून आलेल्या आईवडिलांना हे घर मोठ्या वाड्यांपेक्षा झेपतं, कारण खोल्या माणसाच्या मापाच्या आहेत. वरच्या मजल्यावर मात्र जिना चढून जावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरच खुर्ची मागून घ्या, खाली बघण्यासारखं भरपूर आहे. वाहनतळ ते घर या अंतरासाठी काही मदत मिळते का, ते आदल्या दिवशी फोन करून विचारावं. सतत सोबतीची गरज असलेल्या व्यक्तीबरोबर येणाऱ्या मदतनिसाला ट्रस्ट तिकीट लावत नाही.

स्वयंसेवक बहुधा निवृत्त मंडळी असतात आणि अगदी मनापासून बोलतात. आईबाबांना इंग्रजीत बोलायचा संकोच वाटत असेल, तर तुम्ही दुभाषा व्हा. भरतकामाचे टाके, निळीचं पिंप, तांब्याची कल्हई यांबद्दल आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना जे माहीत असतं, ते ऐकायला त्या लोकांनाही फार आवडतं.

आणि मुंबईकर आईबाबांना हे जरूर सांगा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची कोरीव शिल्पं ज्यांनी केली, ते जॉन लॉकवूड किपलिंग याच वर्तुळातले. १८६५ मध्ये ते मुंबईच्या कलाशाळेत, आजच्या जे. जे. मध्ये, शिकवायला आले. मॉरिस यांचे सर्वांत जवळचे चित्रकार मित्र एडवर्ड बर्न-जोन्स यांची पत्नी जॉर्जियाना आणि किपलिंग यांची पत्नी अॅलिस या सख्ख्या बहिणी.

९. बाग आणि जेवण

बाग मार्गारेट बील यांनी आखली, उतारावर, सुमारे १२ एकरांची. दगड काढलेली जुनी खाण आज बागेचाच ओलसर, नेच्यांनी भरलेला कोपरा आहे. गच्चीवरून समोर दरी आणि पाण्याचा मोठा साठा दिसतो. तो जलाशय विसाव्या शतकाच्या मध्यावरचा, बील कुटुंबाने घर बांधताना पाहिली ती नुसती दरी.

कॅफेत शाकाहाऱ्यांना सूप, भाजलेला बटाटा आणि स्कोन मिळतात. सूप भाजीचं असलं तरी कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा. गवतावर बसून स्वतःचा डबा खायला परवानगी असते, पोळीभाजी खुशाल न्या. घर आधी, जेवण नंतर असा क्रम ठेवलात तर शेवटच्या प्रवेशाची वेळ चुकत नाही.

१०. पुढचं घर

स्टँडननंतर वेब यांच्या पहिल्या कामाकडे, रेड हाऊसला जा. लंडनहून बेक्सलीहीथची गाडी आणि मग पायी वीसेक मिनिटं. तिथे वाहनतळ नाही, म्हणून रेल्वेच बरी. आत गेल्यावर पहिल्या मजल्यावरच्या शयनगृहातल्या भिंतीबद्दल विचारा. बांधीव कपाटामागे झाकलेलं भित्तिचित्र तिथे उजेडात आलं, त्याची बातमी २०१३ मध्ये झाली. मॉरिस आणि त्यांच्या मित्रमंडळींनी मिळून रंगवलेल्या बायबलमधल्या आकृत्या त्यावर आहेत. घर उघडं असण्याचे दिवस मोजके असतात, तेव्हा गाडीचं तिकीट काढण्याआधी तारीख पक्की करा.